किडीचे माहेर शोधणारा माणूस

नाशिक जिल्ह्यात किंवा सांगलीकडे तासगावच्या परिसरात द्राक्षाची नवी बाग धरणारा शेतकरी आज बहुधा प्रथम द्राक्षाची वेल लावीतच नाही. तो लावतो एका रानवट अमेरिकन वेलीचा खुंट. ‘डॉगरिज’ हे त्याचे नाव टेक्सास राज्यातील एका ठिकाणावरून पडलेले आहे. हा खुंट जमिनीत नीट रुजला म्हणजे त्यावर थॉमसन सीडलेस किंवा तत्सम जातीच्या काडीचे कलम करावयाचे, असा प्रघात गेल्या काही दशकांत पडला आहे. पुढे दमट हवेत पानांवर केवडा दिसू लागला की मोरचूद आणि चुना कालवून निळसर बोर्डो मिश्रण तयार होते, आणि ते बोटाच्या पेराएवढ्या नोझलमधून धुक्यासारखे उडते. खुंट, मिश्रण आणि नोझल या तिन्ही गोष्टी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांना काही इतिहास असेल हे आपल्या मनातही येत नाही. तो शोधीत मागे गेले तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एकाच माणसाची वारंवार गाठ पडते. यांपैकी एकही गोष्ट सर्वस्वी त्याची नव्हे, हेही आरंभीच सांगून टाकलेले बरे. चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली हे त्याचे नाव. आपल्या हयातीत तो अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये सुप्रसिद्ध होता. आपल्या पाठ्यपुस्तकांतून मात्र तो क्वचितच डोकावतो.

कृषिविद्येची पदवी घेऊन परदेशी जाण्याची आकांक्षा आज पुष्कळ विद्यार्थी बाळगतात, आणि त्यात गैर काही नाही. रायलीची कारकीर्द आंतरराष्ट्रीय झाली ती मात्र निराळ्या कारणाने. त्याने ज्यांचा पाठलाग केला त्या किडी सरहद्दी ओलांडून गेल्या होत्या, म्हणून त्यालाही त्या ओलांडाव्या लागल्या.

त्याचा जन्म १८ सप्टेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये झाला. शिक्षण फ्रान्समधील दिएप आणि जर्मनीतील बॉन येथील शाळांत झाले. त्यामुळे दोन परभाषा आल्या आणि हाती उत्तम चित्रकला आली. विद्यापीठात जाऊन रीतसर पदवी अशी त्याने कधी मिळविली नाही. वयाच्या सतराव्या वर्षी, १८६० मध्ये, तो एकटाच अमेरिकेस गेला आणि इलिनॉय राज्यात एका शेतावर सुमारे तीन वर्षे राबला. पिकावर पडणारी कीड त्याने तेथे पाहिली ती वहीतल्या नमुन्याप्रमाणे नव्हे, तर घरातील धान्य कमी करणारी शत्रू म्हणून. पुढे तो शिकागोस आला, हाल काढले, काही काळ मांस भरण्याच्या कारखान्यात काम केले, माणसांची चित्रे काढून विकली, आणि अखेर ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकी नियतकालिकात वार्ताहर व चित्रकार म्हणून शिरला. त्याच्या पुढील लेखनात शेतकऱ्याशी थेट बोलण्याची जी हातोटी दिसते ती या नोकरीची देणगी म्हणावी लागेल.

१८६८ मध्ये मिसुरी राज्याने त्याला आपला पहिला सरकारी कीटकशास्त्रज्ञ नेमले. तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती. मिसुरीसाठी त्याने लिहिलेले नऊ वार्षिक अहवाल हा सरकारी अहवालांच्या इतिहासातील एक अपवादच समजला पाहिजे, कारण ते लोकांनी खरोखर वाचले. चित्रे त्याची स्वतःची, निरीक्षणे शेतावरची, आणि भाषा कुणालाही समजेल अशी. इंग्लंडात बसून खुद्द डार्विन ते अहवाल आवडीने वाचीत असे.

१८७४ नंतर रॉकी पर्वताकडून आलेल्या टोळधाडींनी मिसुरीचा पश्चिम भाग उजाड केला. राज्यपालांनी ३ जून १८७५ हा दिवस उपवास व प्रार्थनेसाठी जाहीर केला. सरकारी नोकर असूनही रायलीने जाहीरपणे आपले मत मांडले. प्रार्थनेच्या फलाफलाच्या वादात तो शिरला नाही. परंतु प्रार्थनेला जोरकस उद्योगाची जोड असेल तर ती अधिक खात्रीने फळास येईल, एवढे त्याने सुनावले. अन्नावाचून हवालदिल झालेल्या लोकांना टोळ हेच अन्न होऊ शकते हे पटविण्यासाठी त्याने वॉरेन्सबर्ग येथे टोळांचे सार आणि भजी करविली, स्वतः खाल्ली आणि प्रतिष्ठितांना खाऊ घातली. हा प्रयोग पुढे कुणी उचलला नाही, पण त्यावरून माणसाचा स्वभाव कळतो. या टोळांच्या अभ्यासासाठी १८७७ मध्ये अमेरिकन सरकारने जो आयोग नेमला त्याचा प्रमुखही तोच झाला.

पण त्याचे नाव समुद्रापार गेले ते द्राक्षामुळे. १८६० नंतर दक्षिण फ्रान्समधील द्राक्षबागा विनाकारण वाळू लागल्या होत्या. वाळलेली वेल उपटून पाहावी तर मुळे कुजलेली, आणि त्यांवर कीड म्हणावी तर काहीच नाही. १५ जुलै १८६८ रोजी माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्याचे दोन सहकारी यांनी मेलेल्या वेलींऐवजी त्यांच्या शेजारच्या अजून हिरव्या दिसणाऱ्या वेली खणल्या. त्यांच्या मुळांवर पिवळसर माव्यासारख्या बारीक किडीचे थर होते. वेल मरू लागली की ही कीड तिला सोडून शेजारच्या वेलीकडे जात असे, म्हणून आजवर ती कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती. तिला फायलोक्सेरा हे नाव मिळाले.

कीड सापडली म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र झाले नाही. पॅरिसमधील काही नामवंत पंडितांचे म्हणणे असे की कीड हे कारण नव्हे, परिणाम आहे. वेली जुन्या झाल्या, जमीन थकली, म्हणून वेलींना अशक्तपणा आला आणि अशक्त वेलीवर कीड बसली. हा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि तोवर बागा मरत राहिल्या.

रायलीने विचारलेला प्रश्न साधा होता. ही कीड मूळची कोठली? अमेरिकेतील रानवेलींच्या पानांवर गाठी करणारी एक सूक्ष्म कीड न्यूयॉर्क राज्यातील कीटकशास्त्रज्ञ एसा फिच याने १८५० नंतरच्या दशकात नोंदविली होती. पानावरची ती आणि फ्रान्समधील मुळांवरची ही एकच असावी, असा रायलीचा तर्क होता. मिसुरीतील वेलींची मुळे खणून त्याने तेथेही तीच कीड दाखविली, आणि १८७१ मध्ये फ्रान्सला जाऊन प्रत्यक्ष मिळतेजुळते पाहून खात्री करून घेतली. प्लांशाँही त्याच दिशेने चालला होता. या दोघांच्या पुराव्यापुढे परिणामवादी हळूहळू गप्प झाले.

पण खरा अर्थ पुढेच होता. मिसुरीतील वेलींच्या मुळांवर कीड होती आणि तरीही वेली जिवंत होत्या! डार्विनचा अनुयायी असलेल्या रायलीला याचा उलगडा करणे अवघड गेले नाही. अमेरिकन वेल आणि ही कीड युगानुयुगे एकत्र नांदत आलेल्या होत्या. जी वेल सोसू शकली नाही ती केव्हाच नष्ट झाली आणि सोसणारी उरली. युरोपातील वेलीला हा शत्रू नवखा होता. तेव्हा किडीला मारण्यापेक्षा मुळे अमेरिकन आणि वरचे झाड फ्रेंच, अशी जोड घालणे हाच मार्ग. ही कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. बोर्दोच्या लालिमानने अमेरिकन वेली टिकतात हे १८६९ मध्येच सांगितले होते, कलमाची सूचना फ्रान्समध्येही झाली होती. परंतु कोणती अमेरिकन जात किती सोसते याची पाहणी करून तपशील पुरविण्याचे काम रायलीने केले, आणि १८७३ मध्ये प्लांशाँ अमेरिकेत आला तेव्हा त्याला रायलीचे मोठे साहाय्य झाले. मिसुरीतील इसिडोर बुश, हरमन येगर यांसारख्या रोपवाटिकावाल्यांनी मग जहाजेच्या जहाजे भरून काड्या फ्रान्सला धाडल्या.

हे सारे सुरळीत झाले असे समजू नये. सुरुवातीला गेलेल्या काही जाती टिकल्या नाहीत. चुनखडीच्या जमिनीत अमेरिकन मुळांची पाने पिवळी पडू लागली आणि त्यावर तोड सापडण्यासाठी १८८७ मध्ये दुसऱ्या एका फ्रेंच शास्त्रज्ञाला टेक्सासच्या मन्सनकडे जावे लागले. आपला डॉगरिज त्याच टेक्सासच्या मातीतला. फक्त आपल्याकडे तो फायलोक्सेराच्या भयाने नव्हे, तर खारवट जमीन आणि पाण्याचा तुटवडा सोसतो म्हणून आला. मधल्या काळात फ्रेंच शेतकरी जमिनीत विषारी रसायने टोचीत होते. वेलीखाली जिवंत बेडूक पुरण्यापर्यंत काहींची मजल गेली होती. १८७५ मध्ये फ्रान्सचे मद्योत्पादन सुमारे ८.४५ कोटी हेक्टोलिटर होते, ते १८८९ मध्ये सुमारे २.३४ कोटींवर आले. उपाय शोधणारास सरकारने ३ लाख फ्रँकांचे बक्षीस लावले होते. लालिमानने हक्क सांगितला. पण कलम म्हणजे रोग बरा करणे नव्हे, नुसता टाळणे होय, असा निवाडा होऊन ते बक्षीस कुणालाच मिळाले नाही. सरकारी तिजोरीचा पहारा सर्वत्र सारखाच म्हणायचा. रायलीला फ्रेंच सरकारकडून सुवर्णपदक मिळाले आणि १८८९ मध्ये ‘लिजन ऑफ ऑनर’ हा बहुमान.

या अमेरिकन वेलींबरोबर फ्रान्समध्ये आणखी एक पाहुणा उतरला. १८७८ मध्ये तेथील पानांवर प्रथमच केवडा दिसला. तोही मूळचा अमेरिकेचा. एका संकटावरच्या उपायातून दुसरे संकट यावे, आणि त्यावरचा उपाय चोरांमुळे सापडावा, ही मौजच आहे. बोर्दोजवळ रस्त्याकडेच्या वेलींवर, द्राक्षे चोरणाऱ्यांना विषाचा संशय यावा म्हणून, मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच वेली निरोगी राहिल्याचे प्राध्यापक मिलार्दे याने १८८२ मध्ये पाहिले आणि त्यातून १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण प्रसिद्ध झाले. प्रारंभी ते केरसुणीने शिंपडीत असत. त्यात माल वाया जाई आणि पानाची खालची बाजू कोरडीच राही.

येथे पुन्हा रायली येतो, पण आता मिसुरीचा नव्हे, तर वॉशिंग्टनचा. १८७८ मध्ये तो केंद्रीय कृषिखात्याचा कीटकशास्त्रज्ञ झाला, वरिष्ठांशी खटका उडून वर्षभरात बाहेर पडला आणि १८८१ मध्ये परत आला. दक्षिणेतील कापसाची पाने फस्त करणाऱ्या अळीवर सोमलयुक्त औषध मारावयाचे होते, तेही पानाच्या खालून. त्यासाठी त्याच्या देखरेखीखाली एक नवे नोझल तयार झाले. त्यात द्रव एका लहानशा गोल पोकळीत कडेने शिरतो, भोवऱ्यासारखा फिरतो आणि झाकणाच्या मधल्या बारीक भोकातून शंकूच्या आकाराने, अगदी सूक्ष्म थेंबांत बाहेर पडतो. ही रचना प्रत्यक्ष बसविण्याचे काम त्याचा सहायक बर्नार्ड याने केले. फ्रान्समध्ये मात्र ते ‘रायली नोझल’ म्हणून गाजले, व्हेर्मोरेल नावाच्या कारखानदाराने त्यात सुधारणा केली, आणि बोर्डो मिश्रण घेऊन ते जगभर गेले. आपल्याकडील पाठीवरच्या पंपाला जे पोकळ शंकूचे नोझल असते त्याचे तत्त्व तेच. रॉकेल आणि साबण घुसळून केलेल्या फवाऱ्याचा प्रसारही रायलीच्याच खात्याने केला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा त्या पाठीवरच्या पंपाकडे साऱ्या महाराष्ट्राने भयाने पाहिले. फवारणीच्या शास्त्राचा हा आद्य जनक स्वतः मात्र फवारणीवर विसंबून राहणारा नव्हता, हे म्हणूनच मुद्दाम सांगितले पाहिजे.

कॅलिफोर्नियात १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रोपांबरोबर एक कीड आली होती. अंगावर कापसाच्या पुंजक्यासारखी पिशवी वागविणारी ही खवलेकीड १८८६ पर्यंत तेथील संत्र्यांच्या बागांवर अशी पसरली की बागाईतदार झाडे तोडून जाळू लागले. कोणताही फवारा लागू पडेना. रायलीने पुन्हा तोच प्रश्न विचारला. कीड ऑस्ट्रेलियाची असेल, आणि ऑस्ट्रेलियात ती कुणाच्या डोळ्यांवरही येत नसेल, तर तेथे तिला आवरणारे कुणीतरी असलेच पाहिजे. ते कुणी आणावे. असला प्रयोग त्याने पूर्वी केलेला होता. फायलोक्सेराला खाणारा एक कोळीवर्गीय सूक्ष्म जीव त्याने १८७३ मध्ये फ्रान्सला पाठविला होता. तो तेथे रुजला, पण उपयोग झाला नाही. अपयशाची ही नोंद असूनही त्याने कल्पना सोडली नाही.

अडचण निघाली ती कचेरीतली. खात्याच्या मंजूर रकमेतून कर्मचाऱ्याने देशाबाहेर प्रवास करू नये, अशी अट काँग्रेसने घातलेली होती. कीड परदेशातून आलेली, औषध परदेशात, आणि कीटकशास्त्रज्ञाला मात्र परदेशप्रवास वर्ज्य! कारकुनी अनुभवलेल्या कुणाही वाचकाला पुढचा मार्ग ओळखता येईल. त्याच वर्षी, १८८८ मध्ये, मेलबर्न येथे मोठे प्रदर्शन भरणार होते आणि त्यासाठी अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याकडे पैसा होता. प्रदर्शनाचे आयुक्त मॅकॉपिन यांच्या संमतीने त्या पैशातून सुमारे दोन हजार डॉलर बाजूला काढले गेले, आणि रायलीचा सहायक आल्बर्ट कोबेले हा प्रदर्शनाच्या नावाखाली ऑगस्टमध्ये जहाजात बसला. हिशेब नीट दिसावा म्हणून ऑस्ट्रेलियन शेतीवर अहवाल लिहिण्यास आणखी एक गृहस्थ गेला.

सर्वांची भिस्त होती ती ॲडिलेडच्या फ्रेझर क्रॉफर्डने शोधलेल्या एका परोपजीवी माशीवर. कोबेलेने त्या हजारोंनी पाठविल्या. परंतु ऑक्टोबरमध्ये ॲडिलेडच्या एका बागेत त्याला लाल-काळ्या रंगाचा एक चिमुकला ढालकिडा ही खवलेकीड खाताना आढळला, आणि त्याने तोही सोबत धाडला. ३० नोव्हेंबरला लॉस एंजेलिस येथे पहिले २८ ढालकिडे पोचले. जानेवारीअखेर एकूण १२९. वुल्फस्किलच्या बागेत संत्र्याच्या एका झाडावर तंबू ठोकून ते त्यात सोडले. वसंतात तंबू उघडला तेव्हा झाड स्वच्छ झाले होते. जूनपर्यंत दहा हजारांहून अधिक ढालकिडे बागाईतदारांना वाटले गेले, लोक डब्या घेऊन रांगा लावू लागले, आणि एका वर्षात लॉस एंजेलिस परगण्यातून जाणारी संत्री सातशे वाघिणींवरून दोन हजारांवर गेली. सगळा खर्च काही हजार डॉलरच्या आतला.

या यशाची उलट बाजूने झालेली परीक्षा अधिक बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात डीडीटी आले, त्याने ढालकिडे मारले, आणि पन्नास-एक वर्षे विसरली गेलेली खवलेकीड पुन्हा उसळली. फवारा थांबवून ढालकिडे परत आणावे लागले. आपल्याकडे निलगिरीत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस हीच कीड आली तेव्हा हाच ढालकिडा मागविण्यात आला. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरकडे दिसला आणि पुढे महाराष्ट्रातही पसरला, तेव्हा २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून एक चिमुकली परोपजीवी माशी आणून सोडली गेली आणि तिने तो आवरला. पण त्या माशीची जाहिरात कोठे झाली नाही. जी वस्तू एकदाच सोडायची आणि पुन्हा विकत घ्यायची नाही, तिचा विक्रेता कोण होणार? २०१८ पासून मक्यावर आलेली अमेरिकन लष्करी अळी पाहताच आपण प्रथम औषधाच्या दुकानाकडे धावलो.

रायलीची ही कथा सांगताना त्याला देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. तो दिसायला रुबाबदार, केस वाढविलेला, नाटकी आणि मानपानाला जपणारा होता. दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव घालतो, हा आरोप त्याच्यावर हयातीतच झाला आणि तो निराधार म्हणता येत नाही. बर्नार्डचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? कॅलिफोर्नियात या गोष्टीची परतफेड झाली. तेथील बागाईतदारांनी कोबेलेला सोन्याचे घड्याळ दिले, त्याच्या पत्नीला हिऱ्याची कर्णभूषणे दिली, आणि वॉशिंग्टनमधील रायलीचे नाव जेमतेम घेतले. रायली चिडला, कोबेलेशी बिनसले, आणि तो गुणी सहायक १८९३ मध्ये नोकरी सोडून हवाईला गेला. माझ्या मते दोघांचेही खरे होते. शेतात ढालकिडा ओळखणारा डोळा कोबेलेचा. त्याला तेथे पाठविण्याचा हट्ट रायलीचा. तो हट्ट नसता तर डोळा कॅलिफोर्नियातच राहिला असता.

प्रकृती ढासळल्याने १८९४ मध्ये त्याने नोकरी सोडली. आपला एक लाखाहून अधिक कीटकांचा संग्रह त्याने पूर्वीच राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकला होता आणि तेथे तो काम करीत राही. १४ सप्टेंबर १८९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये सायकलवरून तो एक उतार उतरत होता. एका गाडीतून रस्त्यावर पडलेल्या ग्रॅनाइटच्या दगडावर त्याचे चाक आदळले, डोक्याला जबर मार लागला आणि त्याच दिवशी तो गेला. आणखी चार दिवसांनी त्याची बावन्न वर्षे पूर्ण झाली असती.